विळी, कात्री आणि बरणी: ऑनलाइन ऑर्डरचं पॅकिंग कुठे फसतं आणि कसं करायचं

दोन वेढे बबल रॅप, वर टेप, त्यावर लाल रंगात ‘काच आहे, जपून’ असं स्टिकर. नाशिकमधल्या भांडी बाजारातल्या दुकानापासून अंबडच्या छोट्या युनिटपर्यंत आणि घरून विकणाऱ्या ताई-वहिनींपर्यंत बहुतेकांचं पॅकिंग इथेच संपतं. मग पंधरा दिवसांनी रिटर्न येतो, नाहीतर मार्केटप्लेसच्या, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या साइटच्या, गोदामातून ‘माल स्वीकारला नाही’ असा मेसेज येतो आणि आपण कुरिअरवाल्याच्या नावाने बोटं मोडतो.

चूक बहुतेक वेळा आपलीच असते. धारदार वस्तू आतून बाहेर मारा करते आणि नाजूक वस्तूला बाहेरून आत मार बसतो. सुरी जागच्या जागी आवळून धरायची असते. बरणी मात्र खोक्याच्या भिंतींपासून लांब, मऊ भरावात तरंगती ठेवायची असते. दोन्ही कामं एकमेकांच्या उलट आहेत, आणि आपण दोन्हींना तोच बबल रॅप गुंडाळतो. बबल रॅपचा फुगा पात्याच्या धारेपुढे किती टिकणार?

खालचा क्रम तसाच पाळा. मधली पायरी गाळली की पुढची वाया जाते.

१. टेपला हात लावण्याआधी माल ओळखा

प्रत्येक वस्तू ओट्यावर ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. हिचं सर्वात धोक्याचं टोक कुठलं? हिचा कुठला भाग आधी तुटेल? ही मिटलेली, बंद असेल, तर हलवल्यावर उघडते का?

उत्तरं कधीकधी वेगळीच निघतात. विळीचं पातं सगळ्यांना दिसतं, पण खोकं फाडते ती टोकाची खवणी. चिनी मातीच्या बरणीचं अंग दणकट असतं, आधी जाते ती झाकणाची बोंडी. मधाची काचेची बाटली फुटण्याआधी बुचातून गळते, आणि एक बाटली गळली की शेजारच्या अकरा बाटल्यांची लेबलं जातात.

आता लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा आणि वजन करून लिहून ठेवा. खोक्याचं माप यावरूनच ठरणार आहे. घरात रिकामं पडलेलं खोकं बघून ते ठरवायचं नाही.

> सावधान: ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. त्यामुळे वस्तूचा उपयोग लिस्टिंगमध्ये आणि खोक्यावर स्पष्ट लिहा: ‘भाजी चिरण्याची विळी’, ‘द्राक्षबाग छाटणीची कात्री’. झणझणीत नाव देण्याच्या मोहात पडू नका. शिवाय प्रत्येक मार्केटप्लेसची बंदी असलेल्या मालाची यादी वेगळी असते. माल भरण्याआधी सेलर पॅनलमध्ये, म्हणजे साइटवरच्या आपल्या विक्रेता-खात्यात, ती वाचा.

२. सामान: काय घ्यायचं, कुठे कंजूषी करायची नाही

पुठ्ठ्याची खोकी नाशिकमध्ये मिळायला अडचण नाही. द्राक्षांमुळे जिल्ह्यात खोकी बनवणारे भरपूर आहेत. पण जानेवारी ते एप्रिल हे सगळे द्राक्षाच्या पेट्यांत बुडालेले असतात आणि तुमची दोनशे खोक्यांची ऑर्डर कोणी मनावर घेत नाही. डिसेंबरातच साठा करा.

ऑर्डर देताना ‘मजबूत द्या’ एवढंच सांगू नका, प्लाय सांगा. ३ प्लाय म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नालीदार थर, ५ प्लाय म्हणजे असे दोन थर. एकट्या सुरीला किंवा कात्रीला ३ प्लाय पुरतो. काच, चिनी माती, पितळेची जड वस्तू आणि बाहेरचं मोठं खोकं यांना ५ प्लायच.

द्राक्षाची वापरलेली पेटी घेऊ नका. स्वस्त मिळते म्हणून मीही सुरुवातीला तीच वापरली. तिला हवेसाठी भोकं असतात, शीतगृहातल्या ओलीने पुठ्ठा आधीच मऊ पडलेला असतो आणि सुरीचं टोक त्या भोकातून आरामात डोकावतं.

बाकी सामान एवढं: ४८ मिलिमीटर रुंदीची पारदर्शक बीओपीपी (प्लास्टिकची पॅकिंग) टेप, केबल टाय, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापण्यासाठी ३ प्लायच्या शीट, फेविकॉल, बटर पेपर, बबल रॅप, चुरगळून भरायला तपकिरी कागद, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. वर्तमानपत्र चालतं, पण पांढऱ्या चिनी मातीवर शाई उतरते. अशा मालाला आधी कोरा कागद, मग वर्तमानपत्र.

रबर बँड या यादीत मुद्दाम नाही. उन्हात तो वाळून तुटतो, तेल लागलं की विरघळून चिकट होतो, आणि पुठ्ठ्यात गुंडाळून रबर लावलेलं पातं गोदामवाले धोकादायक म्हणून बाजूला काढतात. त्यात त्यांची चूकही नाही.

३. धार झाका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगतो.

*सुरी.* पात्यावर सरळ टेप मारू नका. ग्राहक ती नखाने सोलणार आणि त्याचं बोट नेमकं धारेवर येणार. त्याऐवजी पुठ्ठ्याचं म्यान करा. पात्याच्या लांबीपेक्षा ३ सेंटीमीटर जास्त लांब पट्टी कापा. रुंदी पात्याच्या दुप्पट आणि वर ५ सेंटीमीटर. पट्टी अशी कापा की पुठ्ठ्यातल्या नाल्या पात्याला आडव्या येतील. नाल्या पात्याच्या दिशेने असल्या तर टोक त्यात बोगद्यासारखं घुसतं. आडव्या नाल्यांवर घडी नीट पडत नाही, म्हणून आधी फूटपट्टीच्या कडेने मधोमध रेघ दाबून घ्या.

आता सुरीची पाठ घडीत बसवा. धार घडीत नको, ती घडी कापून बाहेर येते. धारेपुढे दोन्ही थरांचा साधारण २ सेंटीमीटर पुठ्ठा मोकळा उरेल. तेवढ्याच पट्ट्याला आतून फेविकॉल लावून दाबा आणि पूर्ण वाळू द्या. टोकाकडचा जास्तीचा भाग मागे दुमडून त्यावर टेप. शेवटी म्यान मुठीला बांधा, एक टेप म्यानावरून मुठीवर दोन्ही बाजूंनी. मुठीवर टेप लागली तर हरकत नाही, तिथे बोट कापत नाही. हे बांधणं विसरलं की म्यान खोक्यात एका कोपऱ्यात आणि उघडी सुरी दुसऱ्या कोपऱ्यात सापडते.

> तपासा: मूठ धरून म्यान खाली करा आणि दहा वेळा जोरात झटका. एक मिलिमीटरही सरकलं तर पुन्हा बांधा.

*विळी.* मिटणारी असेल तर पातं पाटावर मिटवा आणि दोन ठिकाणी केबल टायने आवळा, एक बिजागरीजवळ, एक खवणीच्या अलीकडे. पातं आणि पाट यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी सरकवा, नाहीतर लाकडावर चरे पडतात आणि ‘वापरलेली विळी पाठवली’ असा रिव्ह्यू येतो.

खवणीला टोपी हवीच. पहिल्या वर्षी मी बारा विळ्या नुसत्या पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवल्या. कसारा घाटातून भिवंडीच्या गोदामात पोचेपर्यंत गाडीच्या हादऱ्यांनी पाच विळ्यांच्या खवण्यांनी आतला पुठ्ठा करवतीसारखा कापला होता. एकीचे दात बाहेरच्या खोक्यातून वर आले होते. फोटोत ते चार दात बघितले आणि खोकं उचलणाऱ्याच्या तळहाताचा विचार मनात आला. अख्खी खेप परत आली, जाण्या-येण्याचं भाडं माझ्याच डोक्यावर. तेव्हापासून प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइपाच्या टोप्या आणतो. खवणीवर सैलसर बसेल अशी टोपी, आत चुरगळलेला कागद, वरून टोपी आणि दांडा मिळून टेप.

न मिटणाऱ्या विळीचं पातं स्क्रूने सुटत असेल तर सोडवून वेगळं पॅक करा आणि स्क्रू पुडीत घालून पाटालाच चिकटवा. सुटत नसेल तर खरं सांगू का, ती ऑनलाइन विकूच नका. खोकं एवढं मोठं लागतं की भाड्यातच नफा जातो.

*छाटणीची कात्री.* आपल्याकडे द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, या दोन हंगामांच्या तोंडावर ही भराभर जाते. गडबडही तेव्हाच होते. कात्रीची कडी लावली म्हणजे ती बंद झाली असं समजू नका. आत स्प्रिंग आहे, खोकं एकदा आपटलं की कडी निसटते आणि कात्री फाकते. दोन्ही मुठी केबल टायने एकत्र बांधा, मग पात्यांना म्यान.

गंजू नये म्हणून पात्याला तेलाचा हात लावलेला असतो. त्यावर आधी बटर पेपर, मग पुठ्ठा. नाहीतर तेल पुठ्ठ्यात झिरपतं, टेप सुटते आणि बाहेर डाग दिसतो. पावसाळ्यात सिलिका जेलची एक पुडी सोबत टाका.

*आडकित्ता आणि किसणी.* आडकित्त्याच्या मुठी बांधा, जबड्यात पुठ्ठ्याचा तुकडा चावायला द्या. किसणीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून कडेने बंद करा. एवढं पुरतं.

४. नाजूक वस्तू: आधी आत, मग बाहेर

बरणीचं झाकण बरणीवर ठेवून पॅक करायचं नाही. चिनी मातीवर चिनी माती घासली की कपचे उडतात. झाकण वेगळं गुंडाळा, बोंडीभोवती कागदाची चुंबळ करा. बायका हंड्याखाली करतात तशीच, फक्त लहान. बरणीच्या पोटात कागद सैल भरा. ठासून भरला तर तो आतून दाबतो आणि बाहेरून धक्का बसला की चीर तिथेच जाते. तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती.

मग बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला, निदान तीन वेढे. तळ आणि काठ यांना जास्तीचा एकेक. बरणी आणि खोक्याच्या भिंतींमध्ये सहाही बाजूंनी ५ सेंटीमीटर भराव यायला हवा, तळालाही. तळ बहुतेक जण विसरतात. पार्सल खाली ठेवताना, टाकताना, आपटताना पहिला मार तळालाच बसतो. गुंडाळलेलं झाकण बरणीच्या वर, मध्ये आडवा पुठ्ठा घालून.

बाटलीचा क्रम असा: आतलं सील, घट्ट बूच, बुचावरून मानेपर्यंत टेप, प्लास्टिकची पिशवी बंद करून, मग बबल रॅप. पिशवी बबल रॅपच्या आत हवी. बाटली गळलीच तर गळती तिथेच अडते. एका खोक्यात एकापेक्षा जास्त बाटल्या असतील तर पुठ्ठ्याचे खण पाडा. खणांची उंची बाटलीच्या खांद्याच्या वर आली पाहिजे. अर्ध्या उंचीच्या खणांत बाटल्यांच्या माना एकमेकींवर आपटतात.

> सावधान: पिशवीचं तोंड साधारण १२ ते १३ सेंटीमीटरपेक्षा मोठं असेल तर ‘लहान मुलांपासून दूर ठेवा, गुदमरण्याचा धोका’ ही सूचना पिशवीवर छापलेली किंवा चिकटवलेली हवी. मोठ्या मार्केटप्लेसची गोदामं याच एका गोष्टीवर माल अडवतात.

५. खोक्यात बसवणं

धारदार वस्तूचं टोक जिकडे येणार त्या भिंतीला आतून पुठ्ठ्याचे दोन जादा थर चिकटवा. मूठ उघडण्याच्या बाजूला ठेवा आणि बाहेर बाण काढून ‘इथून उघडा’ लिहा. ग्राहक आधी हात घालतो, मग बघतो.

मोकळी जागा सगळी भरायची, पण खोकं फुगू द्यायचं नाही. झाकणाच्या पाळ्या सहज मिटल्या पाहिजेत. गुडघ्याने दाबून टेप मारावी लागली तर माप चुकलं.

‘मग मोठंच खोकं घेतो की’ असं वाटेल. घेऊ नका. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर पैसे लावतात. नेहमीचं सूत्र आहे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ३० × २५ × २० सेंटीमीटरच्या खोक्याचं वजन होतं ३ किलो, आत पावणेदोन किलोची बरणी असली तरी.

टेप इंग्रजी एच अक्षरासारखी मारा: मधल्या फटीवर एक, दोन्ही कडांना एकेक, वर आणि खाली दोन्हीकडे. मधली टेप बाजूच्या भिंतीवर ५ ते ७ सेंटीमीटर उतरली पाहिजे. मारण्याआधी पुठ्ठ्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. धुळीवर मारलेली टेप धुळीलाच चिकटते.

> तपासा: खोकं कानाशी धरून हलवा. खुट्ट आवाज आला तरी उघडा. ‘थोडंसं वाजतंय, चालेल’ म्हणून पाठवलेलं माझं एकही पार्सल धड पोचलेलं नाही.

६. पाडून बघा

ही पायरी बघून सगळे हसतात आणि टाळतात. पहिल्या खेपेआधी प्रत्येक प्रकारातलं एक खोकं खरं पाडा. हलक्या पार्सलांच्या प्रमाणित चाचणीत ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा पाडतात: एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि सहा बाजू. काही मार्केटप्लेस ३ फुटांवरून पाडायला सांगतात. मी स्वयंपाकघराच्या ओट्याहून वीतभर वरून पाडतो, म्हणजे दोन्ही जमतं. फरशी उघडी हवी. खाली सतरंजी घालून केलेली चाचणी स्वतःच्या समाधानापुरती असते.

कोपरा तो निवडा जिथे खोक्याचा उभा जोड, म्हणजे पिना मारलेली किंवा गमने चिकटवलेली कड, तळाला मिळते. खोकं सगळ्यात आधी तिथे हार मानतं.

मग उघडा आणि नीट बघा. बरणी शाबूत आहे एवढ्यावर खूश होऊ नका. भराव एका बाजूला सरकलाय का, म्यान जागेवर आहे का, टोकाकडच्या पुठ्ठ्यावर खोच पडलीय का? एका प्रवासात खोच पडली तर रिटर्नच्या प्रवासात भोक पडणार.

७. लेबल

आवेष्टित वस्तूंसाठीचे वैधमापन नियम, २०११ मध्ये आले. त्यानुसार खोक्यावर वस्तूचं नाव, उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, नगसंख्या, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. माल आयात केलेला असेल तर मूळ देश लिहा.

मार्केटप्लेसचा बारकोड सपाट भागावर लावा, कडेवरून वळवू नका. खोक्यावर जुना बारकोड असेल तर तो पूर्ण झाका. स्कॅनरला दोन बारकोड दिसले की तुमची कात्री दुसऱ्याच कुणाच्या खात्यात बरणी म्हणून जमा होते. सेट असेल तर ‘सेट आहे, सुटा करू नये’ असं लिहा, नाहीतर सहा कपांचे सहा वेगळे नग होतात.

आणि हो, ‘जपून’चं स्टिकर लावा, फक्त त्याच्या भरवशावर एक वेढाही कमी करू नका. गोदामातल्या सरकत्या पट्ट्यावरून धावणारं खोकं स्टिकर वाचत नाही.

८. गोदामाला जाणारं मोठं खोकं

आतली खोकी एकमेकांवर बरोबर कोपऱ्याला कोपरा लावून रचा. खोक्याची ताकद कोपऱ्यांत असते. जड माल खाली, आणि विळ्या-बरण्या एकाच मोठ्या खोक्यात शक्यतो नकोत. वजनाची मर्यादा मार्केटप्लेसप्रमाणे बदलते, ती आधी बघा.

पुठ्ठा हवेतली ओल शोषतो आणि ओला पुठ्ठा वजन पेलत नाही. जून ते सप्टेंबर भरलेली खोकी जमिनीवर ठेवू नका, लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ज्यांचं गोडाऊन भांडी बाजार, सराफ बाजार या बाजूला आहे त्यांनी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर लक्ष ठेवायचं हे सांगायला नको. पाणी त्याच्या कमरेला लागलं की खोकी वरच्या मजल्यावर. गाडी भरताना पाऊस असेल तर मोठ्या खोक्याला बाहेरून स्ट्रेच फिल्म (ताणून गुंडाळायचं पातळ प्लास्टिक), आणि बारकोडवर तिच्या सुरकुत्या येऊ देऊ नका.

९. परत आलेलं पार्सल

रिटर्न आलेलं खोकं घरातल्या पोराला उघडायला देऊ नका. ग्राहकाने म्यान फेकून सुरी तशीच आत टाकलेली असते, किंवा फुटलेल्या बरणीच्या कपच्या तळाशी असतात. आधी बाहेरून सहाही बाजूंचे फोटो घ्या. मग खोकं टेबलावर ठेवा, कटर स्वतःपासून लांब चालवत फक्त वरची टेप कापा, पाळ्या उघडा आणि हात न घालता सगळं ट्रेमध्ये ओता. ओततानाचा व्हिडिओ काढा, दाव्यासाठी तो लागतो.

मग मोडलेलं पॅकिंग फेकण्याआधी पाच मिनिटं बघा. भोक आतून पडलंय की बाहेरून? आतून असेल तर पायरी ३ कडे जा. बाहेरून असेल तर पायरी ४ मधला ५ सेंटीमीटरचा भराव कुठे कमी पडला ते पट्टीने मोजा. माझ्या रिटर्नमध्ये तो बहुतेक वेळा तळालाच कमी निघाला आहे.